आधी खाटीक, मग बंदूक

ऑक्टोबर लागला की आमच्या पेनसिल्व्हेनियात एकच विषय. कुठल्या ओढ्याला नर उतरला, कुणी नवी रायफल घेतली, कुणाचं मचाण कुठल्या ओकवर. पेट्रोल पंपावर हेच, चर्चच्या पायरीवर हेच, ऑफिसात कॉफीपाशी हेच. बावीस वर्षं ऐकतोय. या बावीस वर्षांत एकाही माणसाने मला आपणहून सांगितलेलं नाही, की यंदा हरीण कापायला कुणाकडे द्यायचं ते ठरवून ठेवलंय.

मचाण ठरतं, खाटीक ठरत नाही. हरीण पडल्यावर खिशातून फोन निघतो आणि शोध सुरू होतो. मला हा क्रम चुकीचा वाटतो. चुकीचा म्हणजे नुसता गैरसोयीचा नव्हे. मारलेल्या जनावराशी केलेली ती बेइमानी आहे.

मी स्वतः शिकारीला जातो. इकडचा कोर्स केला, परीक्षा दिली, दरवर्षी परवाना काढतो, केशरी जाकीट घालतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट लगेच सांगतो: तिकडे हे काहीही चालणार नाही, चालूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकर, चितळ, सांबर मारणं हा गुन्हा आहे आणि त्यांचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. उरलेलं जंगल बघता तो कायदा हवाच. इथली गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातली हरणं इतकी संपली होती की बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली. लांडगे आणि प्यूमा त्याआधीच नाहीसे झाले होते. मग पांढऱ्या शेपटीचं हरीण असं वाढलं की आता जंगलात ओकची नवी रोपं वर येत नाहीत, कोवळं असतानाच खुडली जातात. लांडग्याचं काम कुणीतरी करायला हवं. ते मी करतो आणि त्याची मला लाज नाही.

पण लांडगा मारलेलं खातो.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार हा रायफलच्या हंगामाचा पहिला दिवस. २०१९ पूर्वी तो सोमवारी असे आणि गावोगावच्या शाळा त्या सोमवारी बंद असत. कित्येक अजूनही असतात. २०२३-२४ च्या हंगामात या एका राज्यात सुमारे ४ लाख ३० हजार हरणं मारली गेली. पुष्कळ जण घरच्या गॅरेजात स्वतःच कापतात, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांची हरणं कापणार कोण?

पहिल्या शनिवारी संध्याकाळी बाहेर पडा, उत्तर रस्त्यावर दिसेल. पिकअपच्या मागच्या फळीवर हरीण, जीभ बाहेर, आणि मालक हॉटेलात बिअर घेत बसलेला. थंडी असेल तर ठीक. पण धनुष्याचा हंगाम ऑक्टोबरात असतो आणि ऑक्टोबरच्या दुपारी इथे अंगात टी-शर्ट पुरतो. मांस चार-साडेचार अंशांच्या खाली जायला हवं आणि तेही लवकर. आतडी जागेवरच काढायची, पोट उघडं ठेवायचं, पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरायच्या आणि गाडी हाकायची. ज्याला कुठे हाकायची तेच माहीत नाही, तो तीन दुकानांना फोन लावतो. तिन्हीकडून एकच उत्तर, कूलर भरला, सोमवारनंतर बघू. सोमवारपर्यंत मांड्यांच्या हाडालगत मांस हिरवट पडतं. मग अख्खं धड रानाच्या कडेला टाकलं जातं. दर डिसेंबरात मला अशी दोन-तीन दिसतात. शिंगं तेवढी कापून नेलेली असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. खाटीक ठरला नसेल तर परवाना काढू नका.

खाटीक कमी का झाले, हेही समजून घ्यायला हवं, कारण शिकारी मंडळी सगळा दोष त्यांच्यावर ढकलतात. हे काम वर्षातले दोन-अडीच महिने चालतं. उरलेल्या काळात त्याच कट्ट्यावर गाई, डुकरं, मेंढ्या कापायच्या असतात आणि ते मांस सरकारी तपासणीतून जातं. जंगली हरणाची तशी तपासणी होत नाही. म्हणून हरीण वेगळं टांगायचं, वेगळ्या वेळी कापायचं आणि त्यानंतर कट्टा, सुऱ्या, खिम्याचं यंत्र उकळत्या पाण्याने धुऊन काढायचं. त्यातून २०२० साल आलं. मांसाचे मोठे कारखाने कोविडमुळे बंद पडले, शेतकरी आपापली जनावरं घेऊन गावच्या खाटकाकडे धावले, पुढच्या कित्येक महिन्यांच्या तारखा भरून गेल्या. तेव्हा ज्यांनी हरीण घेणं थांबवलं त्यांतले काही परत वळलेच नाहीत. कातडं आणि हाडं पूर्वी चरबी वितळवणारे कारखाने उचलून नेत. आता त्यांतले बरेच हरणाचं नको म्हणतात, मग कचराभूमीवर वजनाने पैसे मोजून टाकायचं. आणि पोरं या धंद्यात येत नाहीत. साठीचा माणूस, खांदा निकामी, मुलगा ट्रक चालवतो. असं दुकान बंद होतं तेव्हा गावात त्याची बातमीही होत नाही.

आता माझी तक्रार.

चार वर्षांपूर्वी एक मादी मारली. फासळ्यांतून एकच गोळी, साठ पावलांत पडली. आतडी काढल्यावर काट्यावर ९२ पौंड भरली. पोट साफ केलेल्या वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी बिनहाडाचं मांस निघतं. चाळीस-बेचाळीस पौंड तरी मला धरायला हरकत नव्हती. नेहमीचा माणूस आजारी होता म्हणून दुसऱ्या एका दुकानात दिली. दोन आठवड्यांनी खोकं मिळालं ते २७ पौंडांचं. विचारलं तर म्हणाले, खांदा गोळीने खराब झाला होता. गोळी खांद्याला लागलीच नव्हती.

घरी आलो, खिम्याचं एक पाकीट उघडलं. चरबी घालू नका असं मी फॉर्मवर लिहून दिलं होतं आणि खिमा तव्यावर टाकल्याबरोबर डुकराच्या चरबीचा वास सुटला. चमच्याला एक केस आला, दोन बोटं लांब, राखट. मग दाताखाली काहीतरी करकरलं. बाहेर काढून पाहिलं तर करड्या धातूचा चपटा कण, नखाने दाबला तर वाकला. ते शिसं होतं. मी तांब्याची गोळी वापरतो. माझ्या बंदुकीत शिसं नसतंच.

म्हणजे ते माझं हरीणच नव्हतं.

फोन केला. पलीकडून शांतपणे सांगितलं गेलं, की खिम्यासाठी सगळ्यांचे तुकडे एकत्रच दळतो, एकेकाचं वेगळं काढत बसायला वेळ कुणाला आहे? शेवटी हरीण ते हरीण.

हे वाक्य मी चार वर्षं मनात धरून आहे आणि आज त्याचं उत्तर देतो. नाही. माझं हरीण मी वीस मिनिटांत थंड केलं. दुसऱ्याचं दोन दिवस ट्रकवर होतं. माझं मी तपासून घेतलं. दुसऱ्याचं कुणी तपासलं? एकत्र दळताना हे सगळं पुसलं जातं. एकाची हयगय पन्नास घरांत वाटली जाते आणि कुणाच्या ताटात काय आलं हे देवालाही कळत नाही.

शिशाचंही सांगून टाकतो. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि राज्याच्या आरोग्य खात्याने तो साठा टाकून द्यायला सांगितला. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचा चुरा वीतभर लांब उडतो, डोळ्याला दिसत नाही. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकणारा खाटीक पाहिजे. आणि गोळी तांब्याची वापरा. लहान मुलांच्या घरात तर दुसरी वापरूच नका.

पण मोठं भय वेगळंच आहे. हरणांना एक रोग होतो. जनावर झिजत जातं, मान खाली, लाळ गळते, माणसाला भीत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात तो पहिल्यांदा दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात सापडला, २०१२ मध्ये आमच्या पेनसिल्व्हेनियात. तो जंतूमुळे होत नाही, विषाणूमुळेही नाही. मेंदूतलं एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि शेजारच्यांनाही तसंच दुमडायला लावतं. शिजवून ते मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याची आजवर एकही सिद्ध झालेली नोंद नाही. तरीही अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं की बाधित भागातलं हरीण तपासून घ्या आणि रोग निघाला तर खाऊ नका. रोग लागलेलं हरीण कित्येक महिने ठणठणीत दिसतं, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊन भागत नाही.

आमच्या राज्यात बाधित पट्ट्यांत हरणाची मुंडकी टाकायला सरकारी पेट्या ठेवल्या आहेत. दुहेरी पिशवीत मुंडकं, कानाला टॅग, तपासणी फुकट. निकाल यायला वेळ लागतो. तोवर मांस फ्रीझरमध्ये नावानिशी वेगळं राहिलं पाहिजे. आता सांगा, पन्नास हरणांचा खिमा एकत्र केला असेल तर निकालाचा उपयोग काय? म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझंच मांस मला परत मिळणार का? उत्तराला एक क्षण जास्त लागला तरी फोन ठेवा.

दुसरं, पाठीचा कणा करवतीने उभा चिरतात का? चिरत असतील तर नको. मज्जारज्जू, मेंदू, डोळे, प्लीहा, गळ्याच्या गाठी यांना हात न लावता मांस हाडावरून सोडवणारा माणूस हवा. बाधित पट्ट्यातून मुंडकं आणि कणा बाहेर न्यायलाच बंदी आहे, त्यामुळे खाटीक पट्ट्याच्या आत आहे की बाहेर हेही आधीच बघावं लागतं. पलीकडचा असेल तर तो सरकारच्या यादीतला हवा.

हे सगळं करणारे लोक आहेत. माझा नेहमीचा माणूस बरा झाला, पण त्याने दुकान विकलं. त्यानंतर मला एक जोडपं सापडलं. डोंगराच्या पलीकडे त्यांचा दुभत्या गाईंचा गोठा, त्याला लागून सिमेंटची शेड. पाटीसुद्धा नाही. पशुखाद्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने पत्ता दिला. चांगला खाटीक असाच सापडतो, तोंडी. पशुखाद्याच्या दुकानात विचारा, गावच्या वनरक्षकाला विचारा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की तू तुझा बैल कुणाकडे देतोस.

मी हरीण उतरवलं. बाईने नाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारले. किती वाजता पडलं? कुठल्या तालुक्यात? टॅग कुठाय? मग तिने पोटाच्या पोकळीत हात घातला, नुसता तळवा टेकवून ठेवला आणि मान हलवली. थंड होतं. तिने घेतलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या तरुणाचं घेतलं नाही. त्याने पोटात गोळी मारली होती, आतड्यातलं सगळं मांड्यांवर आलं होतं आणि सकाळचं हरीण तो संध्याकाळी घेऊन आला होता. तो चिडला, दुप्पट पैसे देतो म्हणाला. ती म्हणाली, ‘पैशाने हे मांस चांगलं होणार नाही, बाळा.’

त्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी तिच्या नवऱ्याला काम करताना पाहिलं. हरीण मागच्या पायांवर टांगलेलं. लहानसा सुरा, पातं झिजून बोटाएवढं उरलेलं. कातडीला घोट्याजवळ एक गोल चीर दिली, मग सुरा बाजूला ठेवला आणि मूठ कातडीखाली घालून दाबत, ढकलत कातडी खाली ओढली. सुरा कमी, मूठ जास्त. केस मांसाला लागतात ते सुऱ्यामुळे, असं तो म्हणाला. मग पाठ. कण्याला चिकटून सुऱ्याचं टोक फिरवलं, डाव्या हाताने मांस सोडवत गेला आणि मानेपासून कमरेपर्यंतचा हातभर लांब पट्टा एका तुकड्यात सुटून आला. इथले लोक त्याला बॅकस्ट्रॅप म्हणतात. हरणाचा फार नाजूक भाग. त्यावरचा चंदेरी पापुद्रा त्याने कांद्याच्या सालीसारखा उतरवला, खाली मांसाचा एक धागा गेला नाही. मांडी त्याने कापलीच नाही, स्नायू जिथे एकमेकांपासून सुटतात तिथे बोट घालून उलगडली. करवतीचा आवाज संपूर्ण वेळात आला नाही. कोपऱ्यात माझ्या टॅगचा नंबर लिहिलेली पाटी होती आणि त्या पाटीखालचं घमेलं फक्त माझ्या हरणाचं.

याचे त्याने सव्वाशे डॉलर घेतले. आमचे लोक याला महाग म्हणतात. हजार डॉलरची दुर्बीण महाग वाटत नाही.

मराठी घरांनी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यायला हवी. हरणाच्या मांसाला चरबी फार थोडी आणि जी असते ती टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून खाटीक ती काढून टाकतात आणि खिम्यात, सॉसेजमध्ये डुकराची किंवा गाईची चरबी घालतात. न विचारता घालतात, कारण इथे तीच रीत आहे. नको असेल तर तोंडी सांगा, फॉर्मवर लिहा, आणि सॉसेज घेऊच नका. त्यात चरबी असणारच. आपल्या रस्सा-सुक्याला चरबी लागतही नाही. मानेचं आणि नळीचं मांस तुकडे करून मागा. खाटीक ते खिम्यात ढकलायला बघतो, कारण सोडवायला वेळ जातो. तेच मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास ठेवा.

अस्वल किंवा रानडुक्कर असेल तर आधी फोन करून विचाराच. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेलाच्या अळ्या असू शकतात, त्यांच्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत, त्यामुळे ते पूर्ण शिजवायचं. रानडुकराला हात लावायलाच बरेच जण तयार नसतात आणि ब्रुसेलोसिसचा धोका बघता त्यांचं बरोबर आहे.

दर हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतो. दहा पौंड दे, काय असतील ते पैसे घे. रानातल्या हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे. ही बंदी उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनीच इथली रानं रिकामी केली होती. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणाचं, त्यातलं पुष्कळसं न्यूझीलंडहून आलेलं. कापणावळ देता येते, मांस भेट देता येतं. किंमत लावता येत नाही. मी देतो, असंच देतो, पण कृपा करून भाव विचारू नका.

पहिलं हरीण मारलं तेव्हा साताऱ्याला आईला फोन करून सांगितलं होतं. मला वाटलं रागावेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, ‘वाटे कुणाकुणाला घातले?’ आमच्या गावी बोकड पडला की केळीच्या पानांवर वाटे पडत. प्रत्येक वाट्यात मांडीचं थोडं, सीन्याचं थोडं, कलेजीचा तुकडा, एखादी नळी. ते वाटे घालणाऱ्या खाटीकमामांची नजर काट्यासारखी होती. कुणाच्या पानावर काय गेलं ते त्यांना पाठ असे. विधवा म्हातारीच्या पानावर हाड कमी पडे, तेही ते न बोलता करत.

आईला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आता येतं. दुसरं हरीण मिळालं तर ते मी घरी आणत नाही. १९९१ पासून आमच्या राज्यात ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ नावाची योजना आहे. तिच्या यादीतल्या खाटकाकडे अख्खं हरीण नेऊन द्यायचं, कापणावळ योजना भरते, खिमा अन्नछत्रांना जातो. एका हरणातून साधारण २०० ताटांपुरतं मांस निघतं असं ते सांगतात. पण ही योजनाही शेवटी खाटकाच्या कट्ट्यावर उभी आहे. आमच्याकडच्या यादीतलं सगळ्यात जवळचं दुकान मागच्या वर्षी बंद झालं. पुढचं पंचेचाळीस मैलांवर. मी जातो. सगळे जात नाहीत आणि ज्यांना दिवसभर उभं राहून नोकरी करायची आहे त्यांना मी दोष देणार नाही.

राज्य शिकारीच्या परवान्याचे पैसे गोळा करतं. त्यातला काही भाग या लोकांना द्या. कूलर वाढवायला, कातडं-हाडं उचलायला, एखाद्या पोराला दोन हंगाम पगार देऊन सुरा शिकवायला. नाहीतर हरणं मारा, कळप कमी करा, असं सांगत राहण्याला अर्थ काय? मारलेलं हरीण टांगायला हूक नसेल तर ते रानाच्या कडेला सडणार, आणि दर डिसेंबरात मी ते बघणार.

गोठ्यालगतच्या त्या शेडमध्ये मी यंदा ऑगस्टमध्येच फोन केला. बाईने वहीत नाव लिहून घेतलं. चाळीस नावांनंतर वही बंद करणार म्हणाली, नवऱ्याचा गुडघा दुखतो. माझं नाव एकतिसावं होतं. आज सप्टेंबरची वीस तारीख. तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल, तर तीत अजून जागा आहे का ते आजच विचारा.